मुलाने पाकिटातून पैसे घेतले. चोरी वाईट का, हे त्याला कोणत्या तोंडाने सांगू?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात चूक झाली असेल तर कळेल. मुलगा तेरा वर्षांचा. तुमच्या पाकिटातले पैसे तीनदा कमी झाले. पहिल्या दोन वेळा तुमचा संशय घरकामाला येणाऱ्या मावशींवर गेला आणि तुम्ही त्यांना 'सहज' विचारलंतही. तिसऱ्यांदा मुलगाच सापडला. तुम्ही आवाज चढवलात, तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही नाही का ऑफिसात टॅक्सीची खोटी बिलं लावत? आईला हसत हसत सांगत होतात." तुम्ही गप्प झालात. आता तुम्ही विचारताय की चोरी मुळात वाईट का, माणसं ती का करतात आणि मुलाला काय सांगायचं.

मी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे. काही वर्षं तुरुंगात समुपदेशन केलं, नंतर स्वतःचं क्लिनिक. सगळी मिळून २२ वर्षं झाली. चोरी केलेली माणसं माझ्यापर्यंत तीन वाटांनी येतात: कोर्टाने पाठवलेली, कंपनीने पाठवलेली आणि आईवडिलांनी कान धरून आणलेली. आपणहून येणारे फार थोडे. त्यामुळे मी सांगेन ते या माणसांवरून सांगेन. तुमच्या मुलाला मी भेटलेले नाही. पैसे किती होते, ते कशासाठी गेले, तुमच्या बिलांचा आकडा केवढा, नोकरीवर काय बेतू शकतं, यातलं काहीच मला माहीत नाही आणि त्यावर बरंच अवलंबून आहे. ते जिथे येईल तिथे सांगेन.

चोरी वाईट, हे वाक्य तुम्ही मुलाला तो चार वर्षांचा असतानाच सांगितलं असेल. आज अडलंय ते वेगळ्याच जागी. ते वाक्य उच्चारायचा हक्क गेला, असं तुम्हाला वाटतंय. तो हक्क परत मिळतो, पण त्यासाठी माणूस चोरी कशी करतो ते आधी बघायला हवं. त्यात तुम्ही आणि तुमचा मुलगा, दोघंही दिसाल.

इतक्या वर्षांत 'मी चोर आहे' असं म्हणत समोरच्या खुर्चीत बसलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी. बाकी सगळ्यांची सुरुवात 'त्याचं काय झालं, मॅडम' अशी. एका संस्थेचा हिशेबनीस पहिल्याच भेटीत एक छोटी डायरी घेऊन आला होता. निळ्या रेघांची, कोपरे मुडपलेली. डावीकडे तारीख, मग रक्कम आणि शेवटच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात एकच शब्द: 'उसने'. साडेतीन वर्षांच्या नोंदी होत्या. सुरुवातीच्या काही पानांवर पैसे परत केल्याच्या लाल खुणा होत्या. पुढे लाल पेन थांबलं, निळं चालू राहिलं. शेवटच्या पानांवर तर त्याने स्वतःला व्याज लावलं होतं! डायरी पुढे करताना त्याच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, उलट थोडा अभिमानच होता. "बघा, एक पैसा लपवलेला नाही." संस्थेला त्या डायरीचा पत्ता नव्हता, एवढं सोडलं तर त्याचं म्हणणं खरं होतं.

डोनाल्ड क्रेसी या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने अफरातफरीच्या गुन्ह्यात तुरुंगात असलेल्या माणसांशी बोलून १९५३ मध्ये जे मांडलं, ते वाचताना मला ही डायरीच आठवते. त्याला तीन गोष्टी एकत्र आलेल्या दिसल्या. पैशाची अशी अडचण, जी कोणापुढे काढायची सोय नाही. ती गुपचूप सुटेल अशी जागा हातात. आणि 'आपण विश्वासू माणूस आहोत' या स्वतःबद्दलच्या समजुतीला धक्का न लावता पैसे उचलता येतील, असे शब्द. यातली तिसरी गोष्ट महत्त्वाची, कारण हे शब्द माणूस पकडला गेल्यावर शोधत नाही. ते आधी सापडतात, मग हात पुढे होतो. 'उसने घेतोय' हा त्यातला सगळ्यात लाडका शब्द.

उसनं घेण्यावरून एक गंमत सांगते. एका शिकाऊ वैमानिकाने हवाई दलाचं विमान परवानगीशिवाय उडवून नेलं. कायमचं ठेवून घेणार नव्हतो, असा त्याचा बचाव. हे प्रकरण भारताच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९५७ मध्ये निकाल लागला की दुसऱ्याची वस्तू अप्रामाणिक हेतूने थोड्या वेळापुरती नेली, तरी ती चोरीच. इंग्लंडचा १९६८ चा कायदा मात्र वस्तूला मालकाने कायमचं मुकावं असा हेतू होता का, हे विचारतो. म्हणजे कायद्यांचंही यावर एकमत नाही. पण माझ्यासमोर बसणाऱ्या माणसाला या बारकाव्याशी काही देणंघेणं नसतं. त्याला फक्त रात्री झोप लागेल असा शब्द हवा असतो.

हे शब्द किती ठराविक असतात, ते ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मात्झा या दोघांनी १९५७ मध्ये किशोरवयीन गुन्हेगारांबद्दल लिहिताना दाखवलं. त्यांचं म्हणणं असं की या मुलांची नीतिमूल्यं काही वेगळी नसतात. चोरी वाईट हे त्यांनाही मान्य असतं. ती फक्त स्वतःपुरता एक अपवाद काढून ठेवतात: माझ्या हातात नव्हतं, कोणाचं काय बिघडलं, त्याला तसंच पाहिजे होतं, बोलणारे तरी कुठे धुतल्या तांदळासारखे, मित्रांसाठी करावं लागलं. आता तुमचं लिहिणं पुन्हा वाचा. 'एवढ्या मोठ्या कंपनीला याने काय फरक पडतो', 'प्रवासभत्ता मुळातच अपुरा आहे', 'वरचे लोक काय काय करतात ते मी बघतो.' पाचातली तीन तुमच्या एका परिच्छेदात आली. आणि मुलाने तुम्हाला जे ऐकवलं, तेही त्याच पाचातलं. तो तुमच्याकडून चोरी शिकला की नाही, कोण जाणे. सबब मात्र घरातलीच आहे.

हे मी तुम्हाला टोचायला लिहीत नाही. माझ्या टेबलावर आजही एका जुन्या नोकरीतला स्टेपलर आहे. राजीनाम्याच्या दिवशी खोक्यात 'चुकून' आला. कितीतरी वर्षं चुकून राहिलाय.

या शब्दांना एवढी ताकद का, याचं उत्तर एका मोठ्या प्रयोगात मिळतं. २०१९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ४० देशांतल्या ३५५ शहरांत सतरा हजारांहून जास्त 'सापडलेली' पाकिटं बँका, टपाल कार्यालयं, हॉटेलं अशा ठिकाणी काउंटरवरच्या माणसाकडे दिली गेली. आत मालकाचं नाव आणि ईमेल. काही पाकिटांत पैसे होते, काहींत नव्हते. आता सांगा, मालकाला कोणती जास्त कळवली गेली? बहुतेक जण म्हणतात, बिनपैशाची. झालं उलटंच. सरासरीने बिनपैशाची ४० टक्के पाकिटं कळवली गेली आणि पैसे असलेली ५१ टक्के. तीन देशांत रक्कम आणखी वाढवून पाहिली, तर प्रमाण आणखी वाढलं. संशोधकांनी याची दोन कारणं दिली. एक, पाकीट हरवलेल्या माणसाची काळजी. दुसरं, रक्कम मोठी झाली की पाकीट ठेवून घेणं स्वतःलाच चोरी वाटायला लागतं. रिकामं पाकीट खणात पडून राहिलं तर तो विसराळूपणा. पैशाचं पाकीट पडून राहिलं, तर आपण कोण आहोत हा प्रश्न येतो.

माझ्या अनुभवाशी हे तंतोतंत जुळतं. माणसाला पोलिसांची भीती असते, पण त्याहून जास्त भीती स्वतःच्या नजरेत उतरण्याची. म्हणून चोऱ्या लहान होतात, तुकड्यातुकड्याने होतात आणि प्रत्येक तुकड्याला वेगळं नाव मिळतं. टॅक्सीच्या एका खोट्या बिलाला 'ॲडजस्टमेंट' म्हणता येतं. वर्षाची बेरीज कागदावर मांडली की तो शब्द टिकत नाही. त्यामुळेच बेरीज कोणी मांडत नाही. माझ्या हिशेबनिसाने साडेतीन वर्षांत रोजच्या नोंदी ठेवल्या, बेरीज एकदाही केली नव्हती. ती आम्ही दोघांनी माझ्या टेबलावर केली. आकडा आला तेव्हा त्याने पाणी मागितलं.

आता, माणसं चोरी करतातच का, याकडे येते. 'गरिबीमुळे' हे उत्तर सगळ्यांना तयार सापडतं. ते खोटं नाही, पण फार थोडं सांगतं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लोकांची परिस्थिती सुधारत होती आणि तरीही चोऱ्या वाढत होत्या. लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन यांनी १९७९ मध्ये याचं साधं कारण दिलं: घरात माणसं कमी वेळ राहायला लागली आणि घरातल्या महाग वस्तू हलक्या, उचलून नेण्याजोग्या झाल्या. करणारा, उचलण्यासारखं काही आणि राखणारं कोणी नाही, हे तिन्ही एका ठिकाणी आलं की चोरी होते. तुमचं पाकीट खुंटीवरच्या पँटमध्ये असतं, असं तुम्हीच लिहिलंय.

पण संधी सगळ्यांनाच असते, हात एखाद्याचाच जातो. तिथे मला सगळ्यात जास्त वेळा दिसलेली गोष्ट म्हणजे राग. हाव नव्हे, राग. आपल्यावर अन्याय झालाय आणि तो उघड बोलायची सोय नाही, असं वाटणारा माणूस हिशेब गुपचूप पुरा करतो. जेराल्ड ग्रीनबर्ग यांचा १९९० चा अभ्यास यावर फार बोलका आहे. एका कंपनीने दोन कारखान्यांत दहा आठवड्यांसाठी पगार १५ टक्के कापला. एका ठिकाणी कारण नीट, माणुसकीने समजावून सांगितलं, लोकांच्या प्रश्नांना उत्तरं दिली. दुसऱ्या ठिकाणी दोन वाक्यांत उरकलं. तिसऱ्या कारखान्यात कपात नव्हतीच. कपात झालेल्या दोन्ही ठिकाणी चोऱ्या वाढल्या, पण जिथे नीट सांगितलं होतं तिथे बऱ्याच कमी. पगार पूर्ववत झाल्यावर चोऱ्याही खाली आल्या. पैसे दोन्हीकडे सारखेच कापले होते. फरक होता तो माणसांना कसं वागवलं याचा.

तेव्हा तुमच्या 'भत्ता अपुरा आहे' या म्हणण्यात तथ्य असेलही. पण मग ते साहेबांना बोलायचं होतं. ते बोलणं तुम्ही टाळलंत आणि बिल लावलंत. तुमच्या मुलाकडेही असं काही न बोललेलं असू शकतं.

मुलांच्या बाबतीत दुसरं मोठं कारण म्हणजे सोबत. संत ऑगस्टीन या ख्रिस्ती धर्मविचारवंताने सोळाव्या वर्षी केलेल्या चोरीबद्दल चौथ्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवलंय. मित्रांबरोबर रात्री शेजारच्या झाडाची फळं तोडली. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळं होती. तोडलेली बहुतेक डुकरांपुढे टाकली. पुढे तो अनेक पानं स्वतःला विचारत राहतो की मग केलं कशाला, आणि एक गोष्ट ठामपणे सांगतो: एकटा असतो तर केलं नसतं. माझ्याकडे येणाऱ्या बारा ते सोळा वयाच्या मुलांपैकी निम्म्यांची गोष्ट या झाडाखालीच सुरू होते. पैसे मित्रांवर उडवलेले असतात, म्हणजे खरेदी असते ती मित्रांचीच. एक मुलगा मला म्हणाला होता, "पैसे असले की ते मला हाक मारतात."

आजार हेही कारण असतं, पण लोक समजतात त्यापेक्षा फार कमी वेळा. क्लेप्टोमेनिया म्हणजे गरज नसलेल्या वस्तू उचलण्याची न आवरणारी ऊर्मी: आधी ताण, उचलताना सुटका, नंतर शरम. सर्वसाधारण लोकांत तिचं प्रमाण ०.३ ते ०.६ टक्के मानतात. माझ्या एका रुग्ण बाईंच्या कपाटाचा खालचा खण लेबलंही न काढलेल्या क्लिपा, रबरबँड आणि कंगव्यांनी भरलेला होता. त्या स्वतः केस बारीक कापून घेत. यावर उपचार आहेत. आणि एक इशारा, तुमच्यासाठी नाही पण वाचणाऱ्या कोणाला तरी उपयोगी पडेल: आयुष्यभर सरळ वागलेला माणूस पन्नाशी-साठीत एकाएकी चोऱ्या करायला लागला, बेधडक, लाजही न बाळगता, तर आधी मेंदूविकारतज्ज्ञाकडे न्या. २०१५ च्या एका अमेरिकन अभ्यासात २,३९७ रुग्णांच्या नोंदी पाहिल्या होत्या. वागणं बदलवणारा फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, म्हणजे मेंदूच्या पुढच्या आणि बाजूच्या भागांची झीज होणारा विकार, असलेल्यांपैकी ३७ टक्क्यांच्या इतिहासात कायदा मोडणारं वर्तन होतं आणि त्यात चोरीही होती.

इतकं झाल्यावर तुमचा पहिला प्रश्न: चोरी वाईट का?

'नुकसान होतं म्हणून' हे उत्तर मुलाला देऊ नका, ते टिकत नाही. तो लगेच विचारेल, ज्याला कळतही नाही त्याचं काय नुकसान? मला पटणारं उत्तर असं आहे. वस्तू माझी आहे याचा अर्थ, ती द्यायची की नाही हे मी ठरवायचं. चोर वस्तू नेतो तेव्हा माझं ते ठरवणंही नेतो. तुमच्या मुलाने मागितले असते तर तुम्ही कदाचित दिलेही असते. मग गेलं काय? तुमचं 'हो' म्हणणं गेलं. चोरी अंधारात का करावी लागते, तेही यातून कळतं. समोरच्याच्या तोंडावर सांगता येईल अशी चोरी नसते. खोट्या बिलावर 'ही टॅक्सी मी केलेली नाही, पण भत्ता कमी वाटतो म्हणून लावतोय' असं लिहिता आलं असतं, तर ते बिल नसतं, मागणी असती.

अपवाद आहेत का? आहेत, आणि मुलापासून ते लपवू नका. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने लिहिलंय की जीव जाण्याची वेळ आली, तर दुसऱ्याचं घेणं ही चोरी उरत नाही. इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये उपाशी, बेघर माणसाने तातडीच्या गरजेपोटी थोडं खायचं उचललं, हा गुन्हा नाही असा निकाल दिला. याउलट इंग्लंडमध्ये १९७१ साली बेघर कुटुंबांनी रिकाम्या घरांत शिरण्याचा खटला होता. त्यात न्यायाधीश लॉर्ड डेनिंग म्हणाले की भूक ही चोरीची सबब मानली, तर अराजकाला दार उघडेल. दोन शहाणी कोर्टं, दोन उत्तरं. माझा कल इटलीकडे आहे, पण डेनिंगची भीती मला समजते: मघाची ती पाच वाक्यं म्हणणाऱ्या प्रत्येकाला आपली गरज तातडीचीच वाटते. मालमत्ता हीच चोरी, असं प्रूधाँ या फ्रेंच विचारवंताने १८४० मध्ये म्हटलं, तेही कोणीतरी तुम्हाला ऐकवेल. ऐकवू द्या. चोरी वाईट असते हे गृहीत धरल्याशिवाय त्या वाक्यात दमच राहत नाही.

दुसरं उत्तर मला जास्त महत्त्वाचं वाटतं आणि तत्त्वज्ञांपेक्षा ते आपल्या म्हणींनी नीट पकडलंय: चोर सोडून संन्याशाला फाशी. चोरी होते तेव्हा घेणारा आणि गमावणारा हे दोघेच नसतात. तिसरं कोणीतरी असतं, ज्याच्याकडे सगळ्यांच्या नजरा वळतात, आणि ते माणूस जवळपास नेहमी त्या घरातलं, त्या कचेरीतलं सगळ्यात कमी ताकदीचं असतं. एका कंपनीत पेटीतली रोकड कमी झाली म्हणून सफाई करणाऱ्या बाईंना काढलं गेलं. पाच महिन्यांनी पैसे घेणारा लेखा विभागातलाच निघाला. त्याला कंपनीने माझ्याकडे समुपदेशनाला पाठवलं. बाईंना कोणी कुठेही पाठवलं नाही, फोनसुद्धा केला नाही. मी त्याला विचारलं, त्या दिवशी त्या झडती देत होत्या तेव्हा तू कुठे होतास? म्हणाला, "तिथेच. पिशवी मीच तपासली."

तुमच्या घरात ती तिसरी व्यक्ती म्हणजे मावशी. तुम्ही त्यांचा उल्लेख एका वाक्यात करून पुढे गेलात. मी तिथेच थांबले.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर: माणूस आधी शब्द शोधतो, मग चोरी करतो. मागे बहुधा न बोललेला राग किंवा विकत घ्यावी लागणारी सोबत असते. वाईट ते यासाठी की दुसऱ्याचं ठरवणं आपण हिरावून घेतो आणि किंमत भलत्यालाच मोजायला लावतो. आता करायचं काय?

आधी तुमचं. बिलं आजपासून बंद, हे सोपं. झालेल्या बिलांचं काय, हे रकमेवर आणि तुमच्या कंपनीवर अवलंबून आहे. शेवटचं बिल अजून मंजूर झालं नसेल तर मागे घ्या, त्याला कोणी कारणही विचारणार नाही. जुनी रक्कम छोटी असेल तर पुढच्या खऱ्या बिलांवर पाणी सोडून ती फेडता येते. हा आदर्श मार्ग नाही, पण काहीच न करण्यापेक्षा बरा. मोठी असेल, नोकरी किंवा पोलीस केस यांची भीती असेल, तर कोणाला काही सांगण्याआधी वकिलाशी बोला. तो सल्ला माझ्या कामाचा भाग नाही. मात्र एक करा: बेरीज मांडा. कागदावर, स्वतःच्या हाताने.

मग मुलाशी बोला. शांत वेळी, शक्यतो चालताना किंवा गाडीत, जिथे नजरेला नजर द्यावी लागत नाही. सुरुवात तुमच्यापासून करा: "तू बिलांबद्दल बोललास ते खरं आहे. मी ते बंद केलंय आणि पैसे फेडतोय." आकडा सांगायची गरज नाही, कारणं तर अजिबात देऊ नका. भत्त्याचं पुराण लावलंत, तर सबब कशी रचायची याचा दुसरा धडा त्याला फुकट मिळेल. तुम्ही इतकं बोलून थांबलात की तुमचा गेलेला हक्क परत आलेला असेल. स्वतःची चूक मान्य केलेल्या बापाला मूल 'तुम्ही नाही का' असं दुसऱ्यांदा म्हणू शकत नाही. निदान माझ्यासमोर तरी कोणी म्हटलेलं नाही.

त्यानंतर विचारा, पैसे कुठे गेले. 'का घेतलेस' विचारू नका. 'का'ला मुलं 'माहीत नाही' म्हणतात आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. 'कुठे गेले' याला उत्तर असतं. मोबाइलवरचा खेळ, मित्र, की कोणी मोठा मुलगा धमकावून काढून घेतोय? ही शेवटची शक्यता गंभीरपणे तपासा. असं निघालं तर विषय चोरीचा राहत नाही, शाळेत जाऊन बोलण्याचा होतो.

त्याला चोर म्हणू नका. पाकिटांचा प्रयोग आठवा: 'मी तसा नाही' ही समजूतच माणसाला थोपवते. ती तुम्हीच काढून घेतलीत तर थोपवायला काय उरलं? 'तू पैसे चोरलेस' म्हणा, स्पष्ट म्हणा, 'घेतलेस' असंही मवाळ करू नका. पण क्रियापदावर थांबा, नामापर्यंत जाऊ नका. पतंजलीच्या योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात अस्तेय म्हणजे दुसऱ्याच्या वस्तूची इच्छाही न होणं, असं म्हटलंय. तेरा वर्षांच्या मुलाकडून एवढी उंची मी मागत नाही. हवंसं वाटण्यात त्याचा काही गुन्हा नाही, हे त्याला ऐकू द्या.

पैसे त्याने फेडायचे, त्याच्या खर्चाच्या पैशांतून, महिन्याला थोडे, आणि काही महिन्यांत संपतील असे. न संपणारी फेड मुलाला पुन्हा पाकिटाकडेच नेते. पाकीट खुंटीवरून हलवा, पण मुद्दाम नोटा मोजून ठेवून परीक्षा घेऊ नका. नातेवाइकांत बोभाटा नको, पोलिसांचा धाक नको. हे सगळं करूनही चोऱ्या चालू राहिल्या, शाळा बुडवणं, मारामाऱ्या किंवा मुक्या जनावरांना त्रास देणं त्यात मिसळलेलं दिसलं, तर समुपदेशकाकडे न्या. एवढ्यातेवढ्याला नको.

आणि मावशी. खरं तर हे मी पहिलं लिहायला हवं होतं, कारण हे आजच करता येतं. त्यांच्याकडे तुम्ही जा, मुलाला बरोबर घेऊन. पहिलं वाक्य तुमचं असू दे: "पैसे घरातच गेले होते, मी तुमच्यावर संशय घेतला, चुकलो." मग मुलगा त्याचं बोलेल. त्याला आधी पाठ करून देऊ नका, अडखळला तर अडखळू दे. त्या बहुधा 'जाऊ द्या हो, लेकरू आहे' म्हणतील. त्यावर सुटलो असं समजून हसू नका आणि त्याच दिवशी पगारवाढ किंवा भेट असलं काही काढू नका. त्यांना ते तोंड बंद करण्याचे पैसे वाटतील. वाढ द्यायचीच असेल तर दोन महिन्यांनी द्या, वेगळं कारण सांगून.